दया पवार आणि वाट्याचा प्रश्न



मराठी कवितेतील आधुनिकतेचा विचार केशवसुतांपासून सुरू करावयाचा आणि मर्ढेकरांपाशी येऊन थांबावयाचे, ही आपल्या अभ्यासकांची जुनी रीत आहे. मर्ढेकरांनी यंत्रयुगातील माणसाचे तुटलेपण शब्दांत पकडले, हे निर्विवाद. परंतु गावकुसाबाहेरच्या माणसाला त्या कवितेत स्वतःचा आवाज नव्हता. तो आवाज ज्या पिढीने मराठीत आणला, तिच्यातील एक अग्रणी कवी १९३५ साली याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यातील धामणगावच्या महारवाड्यात जन्मला. दगडू मारुती पवार हे त्याचे नाव; साहित्याने त्याला दया पवार म्हणून ओळखले.

‘कोंडवाडा’ हा त्यांचा कवितासंग्रह १९७४ चा. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ त्यापूर्वी दोन वर्षे येऊन मराठी रसिकतेला हादरा देऊन गेला होता. पवारांचा स्वर निराळा, दबका, आतल्या आत जळणारा. पुष्कळांनी त्या संयमाला सौम्यपणा समजण्याची चूक केली. कोंडवाड्यातले जनावर दंड भरला की सुटते. या कोंडवाड्यातील माणसाची सुटका कोणता दंड भरून व्हावी, हे कोणी सांगितलेले नाही.

१९७८ मध्ये ‘बलुतं’ आले. बलुते म्हणजे गावकीच्या कामाबद्दल सुगीत मिळणारा धान्याचा वाटा. महारवतन नष्ट करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात विधेयक आणले होते. प्रत्यक्ष कायदा व्हावयास १९५८ उजाडले. वतन कागदावरून गेले, वाट्याला आलेले दुःख मात्र राहिले. दगडू पवार आपली कहाणी दया पवारांना ऐकवितो, अशी या पुस्तकाची योजना आहे. शिकून शहरात आलेला माणूस आपल्याच भूतकाळापासून कसा दुभंगतो, हे याहून नेमके कसे सांगणार? घरातली लक्तरे वेशीवर टांगली म्हणून त्यांच्या समाजातील काही सुशिक्षितच रागावले. पवारांनी ते सोसले; पण लिहिलेले मागे घेतले नाही.

धरणावर राबणाऱ्या बाईचे त्यांचे गाणे आपल्या कार्यकर्त्यांनी शेकडो सभांतून म्हटले आहे. टाळ्याही घेतल्या आहेत! ते गाणे म्हणताना या जिल्ह्याचा नकाशा समोर असावयास हवा. अकोले तालुक्यातच प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. पाणी कालव्यांनी खाली गेले, ऊस उभा राहिला, आणि विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना निघाला. सहकाराचा हा पराक्रम मोठाच. पण पाटाचे पाणी जमिनीकडे जाते, कारखान्याचा भाग ऊसवाल्याला मिळतो. ज्याच्यापाशी गुंठाभरही जमीन नाही, त्याचा वाटा कोणता? समाजवाद्यांनीही हा प्रश्न पुरेशा नेटाने विचारला नाही, हे कबूल केले पाहिजे.

पवारांना १९९० मध्ये पद्मश्री मिळाली. १९९६ च्या डिसेंबरात ते गेले. त्यानंतर याच जिल्ह्यात २०१३ साली सोनईत तीन दलित तरुणांची हत्या झाली. २०१४ साली खर्ड्यात शाळेत जाणाऱ्या एका दलित मुलाची. खर्ड्याच्या खटल्यात साक्षीदार एकामागून एक उलटले आणि २०१७ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. ज्या गावांत आपल्या शाखा आहेत, तेथे साक्षीदाराच्या पाठीशी उभे राहण्याचे काम कोणाकडे दिले आहे, एवढे आज येथून उठण्यापूर्वी ठरवावे.