काळी माती, फिकट माती आणि एक सेंच्युरियन

मागचे काही भाग ऐकून बऱ्याच जणांनी एकच विचारलं, की व्हिडिओ कॉलवर तुझ्या मागे दिसणारा तो हिरवा रणगाडा काय आहे? तर आज कोड, डिप्लॉयमेंट सगळं बाजूला. आज त्याचीच गोष्ट. मागे कूलरचा आवाज येईल, मे महिना आहे आणि मी परभणीत आहे, समजून घ्या.

"जगात जर्मनी, भारतात परभणी" हे आपण मोठ्या तोऱ्यात म्हणतो. स्केल मॉडेलच्या छंदात मात्र जगात खरंच जर्मनीच आहे. कुठलंही दुकान उघडा, टायगर, पँथर, परत टायगर. मीही पहिला टायगरच केला. मग एकदा पुण्याहून येताना नगरला उतरलो आणि तिथलं टँक म्युझियम बघितलं. (आता अहिल्यानगर, पण एसटीत अजून सगळे नगरच म्हणतात.) 1994 पासून आहे ते, आणि माझ्या येण्या-जाण्याच्या रस्त्यावर असून मी कधी आत गेलो नव्हतो. खऱ्या रणगाड्याच्या चाकाजवळ उभं राहिलं की कळतं, आपण टेबलावर जे करतो ते किती स्वच्छ आणि किती खोटं असतं.

तिथून डोक्यात बसला सेंच्युरियन. आणि सेंच्युरियन म्हटलं की पूना हॉर्स, आणि पूना हॉर्स म्हटलं की सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल. जन्म पुण्यातला, 1950 चा. जून 1971 मध्ये कमिशन मिळालं, नगरला तरुण अधिकाऱ्यांचा कोर्स चालू होता, तो अर्धवट सोडून युद्धावर गेले. 16 डिसेंबरला बसंतरच्या लढाईत गेले तेव्हा वय 21. परमवीर चक्र मरणोत्तर. त्यांच्या रणगाड्याचं नाव होतं 'फामागुस्ता', सायप्रसमधल्या एका बंदरावरून. तो रणगाडा नंतर दुरुस्त करून नगरच्या आर्मर्ड कोर सेंटरमध्ये जपून ठेवलाय.

मी टमियाचं सेंच्युरियन मार्क 3 चं किट मागवलं, 1/35. खरा रणगाडा तोफ सोडून साडेसात मीटरच्या आसपास, म्हणजे टेबलावर साधारण 22 सेंटिमीटर. जाणकार आत्ताच ओरडतील की भारताकडे मार्क 7 होता आणि त्याची मागची बाजू लांब असते. बरोबर आहे तुमचं. मी प्लास्टिकच्या पट्टीने जमेल तेवढं वाढवलं, उरलेलं माफ करा.

जोडणीबद्दल फार बोलत नाही, सूचना वाचता आल्या की ते होतं. रंगाचं मात्र परभणीत वेगळं गणित आहे. ॲक्रिलिक रंग उन्हाळ्यात एअरब्रशच्या सुईवरच वाळतो. मी पहाटे पाचला उठून मारायचो. आई म्हणायची, परीक्षेला कधी उठला नाहीस. आधी काळा प्रायमर, मग हिरवा, मग प्रत्येक पत्र्याच्या मधोमध थोडा पिवळा मिसळलेला हिरवा, म्हणजे उन्हाने उडाल्यासारखं दिसतं. त्यावर चकचकीत वार्निश. त्यावर वॉश: गडद तपकिरी तैलरंग भरपूर थिनरमध्ये पातळ करून सोडायचा, तो आपोआप कोपऱ्यात, बोल्टच्या मुळाशी जाऊन बसतो. वार्निश आधी मारायचं कारण एवढंच, की थिनरने खालचा रंग निघू नये आणि वॉश पुसता यावा.

मग भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा गडद रंगात बुडवून कडांवर टिपून रंग उडाल्याचे डाग पाडले. ट्रॅकला नारिंगी गंज. आणि शेतातली काळी माती चहाच्या गाळणीने गाळून, तव्यावर भाजून, रंग आणि प्लॅस्टरमध्ये कालवून खालच्या बाजूला थापली. मला तर ते जबरदस्त वाटलं.

माझे बाबा ईएमईमध्ये हवालदार होते, टी-72 वर काम केलेलं. आता मानवतजवळ शेती. त्यांनी या छंदाकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. त्यांच्या लेखी इंजिनिअर झालेला पोरगा खेळण्यावर पैसे घालतो, एवढंच. त्या दिवशी त्यांनी चष्मा लावला.

"ही माती कुठली?"

"आपल्याच रानातली."

"तिकडं अशी माती नसती."

खरंच की! बसंतर ही रावीला मिळणारी नदी. तिकडची माती गाळाची, फिकट. मी फामागुस्ता परभणीच्या कापसाच्या रानात नांगरायला घातला होता.

मग ते थांबलेच नाहीत. "ट्रॅकला गंज कामून लावलास? चालणाऱ्या ट्रॅकला गंज टिकत नसतो, घासून चकाकतो." "रंग सगळ्या कडांचा उडत नाही. पाय जिथं पडतो तिथं उडतो." आणि बोटाने दाखवायला लागले: इथून चढतात, इथे हात धरतात, या झाकणाची कड बुटाने घासते, इंधन भरताना इथे सांडतं आणि त्यावर धूळ चिकटते. ते रणगाड्याला गाडीच म्हणतात. "संध्याकाळी आलं की आधी गाडी, मग जेवण." बावीस वर्षांच्या नोकरीबद्दल ते माझ्याशी सलग एवढं कधी बोलले नव्हते. मी वही आणून लिहून घेतलं.

मग त्यांचं बोट टरेटवर थांबलं. तिथे मी ड्रिलने एक भोक पाडलं होतं, कडा तापवून वाकवल्या होत्या, काजळी धरली होती. खेतरपालांचा रणगाडा पेटला होता, बाहेर पडायचा हुकूम आला होता, तोफ चालते म्हणून ते थांबले आणि नंतर गोळा बसला. ते सगळं मला त्या एका भोकात दाखवायचं होतं.

"गोळा इथंच लागला, हे कुणी सांगितलं?"

कुणीच नाही. अंदाजाने. जिथे छान दिसेल तिथे.

बाबा काही रागावले नाहीत. चष्मा काढला आणि म्हणाले, "आत माणसं होती." आणि शेतावर गेले.

2001 मध्ये अरुण यांचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर खेतरपाल, पाकिस्तानात गेले होते. लाहोरला ज्यांच्या घरी उतरले त्या ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासर यांनीच त्यांना सांगितलं की त्या दिवशी समोरच्या रणगाड्यात मी होतो, तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. हे मी किट घ्यायच्या आधीच वाचलं होतं. तरी भोक पाडताना माझ्या डोक्यात फक्त काजळीची छटा होती.

रात्री पुट्टी भरली. वाळली, घासली, परत भरली, कारण पुट्टी आक्रसते. तिथे पुन्हा हिरवा. काळी माती ओल्या कापसाने काढली, दोन रविवार गेले. ट्रॅकवर चंदेरी पेन्सिल फिरवली. फिकट भुरकट पिगमेंट अगदी थोडं, चाकांपाशी. आता तो सकाळचा रणगाडा आहे, लढाईच्या आधीचा, वापरलेला पण निगा राखलेला. नाव बारीक ब्रशने हाताने लिहिलं, 'ग' थोडं तिरकं आलंय. उजेड बाजूने पडला की टरेटवर पुट्टीचा गोल अजून दिसतो. मला तो मिटवता आला नाही.

बाबांनी परवा परत पाहिला. ट्रॅक ढिला आहे म्हणाले. तो रबरासारखा एकसंध येतो, त्यामुळे खालून चिकटवून ताणावा लागेल. ते या रविवारी.