देहातले घड्याळ

माझ्या वर्गातला एक विद्यार्थी पहिल्या तासाला नेहमी डुलक्या घेई. मी त्याला चारचौघांत आळशी म्हटले. पुढे कळले, रात्रीच्या पाळीची वीज आली की तो वडिलांबरोबर दारे धरायला जात होता. त्या शब्दाची मला आजही लाज वाटते. म्हणून आज झोप आणि जाग यांविषयी थोडे बोलतो.

१७२९ साली द मेरां या फ्रेंच ज्योतिर्विदाने लाजाळूसारखे एक रोप अंधारात ठेवले. ऊन दिसत नसतानाही त्याची पाने दिवसा उघडत, रात्री मिटत. म्हणजे वेळेचे भान जिवाच्या आतच असते.

आपले हे घड्याळ मेंदूच्या तळाशी आहे. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर पेशींचे दोन इवले पुंजके आहेत. दोन्हींत मिळून सुमारे २० हजार पेशी. त्यांतली प्रत्येक पेशी म्हणजे एक घड्याळच. पण भजनातले टाळकरी जसे एकमेकांचे ऐकून ताल धरतात, तशा या पेशी रासायनिक द्रव्यांतून निरोप धाडून एका तालात राहतात.

हे घड्याळ बहुतेकांत २४ तासांहून किंचित मंद चालते. ते रोज लावावे लागते. सकाळचा उजेड डोळ्यांत शिरला की नसांच्या टोकांतून ग्लुटामेट नावाचे द्रव्य त्या पुंजक्यांत सुटते आणि घड्याळ वेळेवर येते. उलट रात्र पडली की पिनिअल ग्रंथी मेलॅटोनिन हे द्रव्य रक्तात सोडते. 'रात्र झाली हो' अशी ती दवंडीच! रात्री डोळ्यांपुढे लखलखीत दिवा किंवा मोबाइल धरला, तर ही दवंडी दबते आणि घड्याळ मागे पडते.

रात्रभर शेतात राबलेल्या माणसाचे घड्याळ एका दिवसात उलटे फिरत नाही. दिवसा त्याची झोप तुटक होते, ती त्यामुळेच. त्याला अंधाऱ्या खोलीत निजू द्या. मध्येच उठवू नका. इतरांनी सकाळी थोडा वेळ उघड्यावर यावे, रात्री दिवे मंद करावेत.

आणि शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचे घड्याळ मुळातच थोडे उशिरा चालते. वर्गात कोणी पेंगत असेल, तर रागावण्यापूर्वी एवढेच विचारा, "बाळ, रात्री झोपलास केव्हा?" मी ते विचारले नव्हते.