निवारा कुठे हवा?

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात आपल्या एका ज्येष्ठ सभासदाने केलेले भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. – स्मरणिका समिती)



पोरांचे डान्स व्हायचेत, लकी ड्रॉ व्हायचाय, तेव्हा मी फार वेळ माईक धरणार नाही. सेक्रेटरींनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, ‘घर’. ते खूश झाले. पण मला बोलायचंय ते ज्यांना घर नाही त्यांच्याविषयी. मागच्या रस्त्यावरच्या पालिकेच्या बंद शाळेत बेघरांसाठी निवारा व्हायचा आहे, आणि त्याला हरकत घेणारं पत्र आपल्या लेटरहेडवर जाणार आहे. येत्या सर्वसाधारण सभेत तो विषय आहे. माझी सगळी नोकरी पालिकेच्या समाजविकासाच्या कामात गेली, म्हणून चार गोष्टी सांगतो.

मुंबईत माणूस आधी कामाला लागतो, घर मागाहून. गिरण्या चालू होत्या तेव्हा कोकणातल्या, घाटावरच्या गावांनी लालबाग-परळकडे गावकीच्या खोल्या धरून ठेवल्या होत्या. एका खोलीत तीस-तीस, चाळीस-चाळीस माणसं. दिवसपाळीवाला कामावर गेला की रात्रपाळीवाला त्याच जागेवर अंग टाकी. उन्हाळ्यात वळकटी घेऊन थेट फुटपाथवर. आपल्यातल्या बऱ्याच जणांचे वडील-आजोबा असेच राहिले. त्यांना कुणी बेघर म्हटलं नाही, कारण ट्रंक ठेवायला गावाची खोली होती. ज्याच्या गावाची खोली नव्हती तो फुटपाथवरच राहिला.

जुलै १९८१ मध्ये, भर पावसात, मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवरच्या माणसांना हटवून आपापल्या गावी धाडण्याचं जाहीर केलं. पत्रकार ऑल्गा टेलिस आणि फुटपाथवर राहणारी काही माणसं कोर्टात गेली. १० जुलै १९८५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. सरन्यायाधीश होते यशवंतराव चंद्रचूड, आपले पुण्याचे. जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क येतो, आणि ही माणसं कामाच्या जवळ राहावं लागतं म्हणून फुटपाथवर राहतात, असं त्यात म्हटलं. पुष्कळांना निकाल एवढाच ठाऊक असतो. पण फुटपाथ चालण्यासाठी आहे, तिथे घर करण्याचा हक्क कुणाला नाही, हेही त्याच निकालात आहे. मात्र ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पाऊस सरेपर्यंत, हात लावू नका, आणि १९७६ च्या गणनेत ज्यांची नोंद आहे त्यांना पर्यायी जागा द्या, असा आदेश होता. तेव्हा ‘फुटपाथ मोकळा हवा’ ही आपली तक्रार चुकीची नाही. पण मोकळा करायचा तर माणूस जाणार कुठे?

त्याचं थोडंफार उत्तर २०१० मध्ये मिळालं. दिल्लीत ऐन थंडीत एक तात्पुरता निवारा पाडला गेला, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि मोठ्या शहरांसाठी ठरलं की लाख वस्तीमागे एक निवारा हवा, बारा महिने चोवीस तास उघडा. २०१३ मध्ये केंद्राच्या नागरी उपजीविका अभियानात तशी योजनाही आली. आता हिशेब करा. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची वस्ती १ कोटी २४ लाख, म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे झाले पाहिजेत. त्या जनगणनेत एका रात्रीत मोजलेले बेघर ५७ हजारांच्या वर होते. प्रत्यक्षातले निवारे या हिशेबाच्या पासंगालाही पुरत नाहीत. जागा मिळत नाही असं सांगतात, ते खोटं नाही. दुसरं कारण मात्र अहवालात येत नाही. ते म्हणजे आपल्यासारख्या सोसायट्यांची पत्रं.

‘निवारे आहेत तिथे तरी ही माणसं कुठे जातात?’ असं परवा जिन्यात मला कुणी तरी विचारलं. रास्त प्रश्न आहे. भाजी मार्केटच्या हमालाचं बघा. गाडी पहाटे तीनला लागते. निवारा सहा स्टेशनं लांब असेल तर तो येणार कसा? त्या वेळी लोकलसुद्धा नसते. मग तो मार्केटच्या दारातच झोपतो. कुटुंब असेल तर बाप्यांचा निवारा वेगळा, बायकांचा वेगळा. नवरा एकीकडे, बायको-पोरं दुसरीकडे, असं कोण राहील? शिवाय गाठोडं, स्टोव्ह, चार भांडी कुठे ठेवायची? कुलपाची पेटी नसेल तर कामावर जाताना सगळं डोक्यावर घेऊन जायचं का? खाट रिकामी दिसते ती अशानं. आपल्यामागची शाळा मार्केटपासून पाच मिनिटांवर आहे, म्हणून ती मला मोलाची वाटते.

आणि माणसं बाहेरून यायची नाहीयेत. रात्री अकराला गेटबाहेर चक्कर मारा, ती आत्ताही बंद दुकानांच्या पायऱ्यांवर झोपलेली आहेत. फार लांब कशाला, आपला रात्रीचा वॉचमन राहतो कुठे? पंपाच्या खोलीत. त्यावर एकदा कमिटीने वेगळं बोलावं.

फ्लॅटचे भाव पडतील म्हणता? दादर पूर्वेला भर वस्तीत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. कॅन्सरच्या उपचारांसाठी गावोगावहून आलेले पेशंट आणि त्यांची माणसं तिथे उतरतात. त्यामुळे दादरचे भाव पडल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

‘तात्पुरतं म्हणतील आणि कायमचं होईल’ ही भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांना उतरवलं, त्याचं उल्हासनगर झालं. अजून तिथले पत्ते कॅम्प नंबरने सांगतात. म्हाडाच्या संक्रमण शिबिरांत काही काळापुरती गेलेली कुटुंबं तिथेच म्हातारी झाली. पण शिबिरात गाळा मिळतो, निवाऱ्यात मिळते ती खाट. गाळ्यावर हक्क सांगता येतो, खाटेवर नाही. खाटेवरून पुढे जायला खरं तर स्वस्त भाड्याची खोली लागते, आणि चाळी गेल्यापासून ती या शहरात बांधायला कुणी तयार नाही. तो राग शाळेच्या दारावर काढून काय उपयोग?

नुसती संमती द्या असंही मी म्हणत नाही. तशी दिली की भिंतींना रंग काढून काम संपतं, हे मी नोकरीत पाहिलंय. अटी घालू या. संडास-मोऱ्या पुरेशा आणि रोज साफ, कुलपाच्या पेट्या, कुटुंबांना वेगळी जागा, दिवसाही दार उघडं, आणि देखरेख समितीत आपल्या सोसायटीचा एक माणूस. त्या जागेवर मी जायला तयार आहे, रिकामाच असतो.

अशा पत्राचा मसुदा मी ऑफिसात ठेवलाय, हरकतीच्या पत्राशेजारीच. हाताने लिहिलाय, अक्षर लागलं नाही तर घरी येऊन विचारा. खाडाखोड करायला बाजूला जागा सोडली आहे. आता लकी ड्रॉ सुरू करा.