उद्योजक कोणास म्हणावे?

(जिल्ह्याच्या ठिकाणी विस्तार अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उद्योजकतेच्या सिद्धांतांवर विद्यापीठात पीएच.डी.चा अभ्यास करणारी मंडळी नेमके करतात तरी काय, आणि त्याच्याशी ग्रामपंचायतीचा संबंध कोणता, असा प्रश्न येथे येताना एका सरपंचांनी मला वाटेतच विचारला. प्रश्न रास्त आहे. मी अर्थशास्त्राचा पंडित नव्हे. कला शाखेचा पदवीधर, आणि नोकरीने माहिती अधिकारी. परंतु अशा संशोधकांची माझ्या कार्यालयात ये-जा असते. त्यांच्या संगतीने जे थोडेबहुत वाचले, ते आपणांपुढे ठेवतो.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. दहा ग्रंथांतील दहा व्याख्या एकाखाली एक उतरविल्या म्हणजे प्रबंध होत नाही. एम.ए.च्या विद्यार्थ्याने सिद्धांत समजून घ्यावयाचा असतो, पीएच.डी. करणाऱ्याने तो प्रत्यक्षात कोठवर टिकतो आणि कोठे उणा पडतो, हे दाखवावयाचे असते. त्यासाठी त्याला तीन ते सहा वर्षांची मुदत मिळते, आणि त्यातील बराच काळ ग्रंथालयात नव्हे, तर आपल्यासारख्यांच्या दारात जातो.

या शास्त्राचा आरंभ शेतकऱ्यापासून होतो, हे ऐकून आपणांस नवल वाटेल. रिशार कांतियाँ हा मूळचा आयरिश, फ्रान्समध्ये स्थायिक झालेला सावकार. त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७५५ साली प्रसिद्ध झाला. ठरलेल्या भावाने खरेदी करून अनिश्चित भावाने विकणारा तो उद्योजक, असे त्याचे म्हणणे. त्यात त्याने खंडाने जमीन कसणाऱ्या शेतकऱ्यासही गणले आहे. खंड ठरलेला, पीक आणि भाव मात्र कोणाच्या हातात नाही. पुढे १९२१ मध्ये अमेरिकेतील फ्रँक नाइट यांनी यात आणखी बारकावा आणला. ज्या धोक्याचा हिशेब मांडता येतो त्याचा विमा उतरविता येतो. ज्याचा हिशेबच मांडता येत नाही, ती खरी अनिश्चितता, आणि नफा हा ती सोसल्याचा मोबदला. आपल्या कोरडवाहू गावांना हा भेद समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

सर्वांत गाजलेला सिद्धांत मात्र जोसेफ शुंपेटर यांचा. १९११ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी उद्योजक म्हणजे जुनी घडी मोडून नवी बसविणारा, अशी मांडणी केली. नवी वस्तू, नवी रीत, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा मार्ग किंवा नवी संघटना, यांपैकी काहीतरी त्याने आणले पाहिजे. या व्याख्येत लक्ष्मणराव किर्लोस्कर तंतोतंत बसतात. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, असा समज शेतकऱ्यांत असताना त्यांनी तो नांगर घडविला आणि चिकाटीने विकला. येथवर सिद्धांत चोख आहे. परंतु १९१० मध्ये बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या संस्थानाने जमीन व आर्थिक साह्य दिले, आणि माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. राजाच्या त्या आश्रयास सिद्धांतात जागा कोठे? शुंपेटर यांच्या मांडणीत पैसा पुरविणारी ती बँक. औंधचा राजा काही बँक नव्हे. अशा फटीतच संशोधकाचे काम सुरू होते.

त्याहून अवघड कोडे प्रवरानगरचे. १९५० साली तेथे सहकारी साखर कारखाना सुरू झाला. त्याचा उद्योजक कोण? गावोगाव फिरून भाग गोळा करणारे विठ्ठलराव विखे पाटील? पहिले अध्यक्ष असलेले अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ? पाठबळ देणारे तत्कालीन मुंबई राज्याचे शासन? की आपल्या पदरचे पैसे भागात घालणारे शेतकरी? पाश्चात्त्य ग्रंथ बहुतेक एका व्यक्तीकडे बोट दाखवून मोकळे होतात. महाराष्ट्रातील अभ्यासकाला ते करता येत नाही, आणि माझ्या मते त्याने करूही नये. उद्योजक हा एक माणूसच असला पाहिजे, हे गृहीत धरले की सहकाराचा अर्धा इतिहास हातातून निसटतो.

आता सरपंचांच्या प्रश्नाकडे येतो. सिद्धांत पुस्तकात राहत नाहीत. ते हिंडत हिंडत तालुक्यापर्यंत येतात. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६१ च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, काम अधिक चांगले करून दाखविण्याची ओढ, जिला आपण सिद्धिप्रेरणा म्हणू, ज्या समाजात प्रबळ असते तो समाज आर्थिक प्रगती करतो. ही ओढ शिकविता येते काय, हे पाहण्यासाठी त्यांनी आंध्रातील काकिनाडा हे बंदराचे गाव निवडले. १९६४ च्या सुमारास तेथील ५२ व्यावसायिकांना हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत थोड्या दिवसांचे शिक्षण देण्यात आले. शिक्षण न घेतलेल्यांच्या तुलनेत हे लोक पुढे अधिक हालचाल करताना आढळले. याच विचाराचा आधार घेऊन १९७० पासून गुजरातेत प्रशिक्षणाचे कार्यक्रम सुरू झाले. आपल्याकडेही १९८८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, उद्योजकता विकास केंद्र स्थापन झाले. आपल्या सूचनाफलकावर उद्योजकता प्रशिक्षणाचे जे परिपत्रक लागते, त्याच्या पूर्वजांपैकी एक काकिनाड्याचा आहे.

पण मित्रहो, काकिनाड्याचे जे शिकले ते आधीच धंद्यात होते. त्यांच्याजवळ पेढी होती, पत होती, गिऱ्हाईक होते. ज्याच्याजवळ यांपैकी काहीच नाही अशा बेकार तरुणाला तोच वर्ग दिला, तर तेच फळ येईल काय? हा प्रश्न विचारल्यावाचून सिद्धांत उचलला, तर दोष तरुणाच्या माथी बसतो: याच्यात प्रेरणाच नाही! कर्जाचा हप्ता मात्र त्याच्या बापाच्या सातबाऱ्यावर राहतो.

अलीकडचा एक सिद्धांत तर पीएच.डी.च्या अभ्यासातूनच जन्मला. सारस सरस्वती यांनी अमेरिकेत हर्बर्ट सायमन यांच्या मार्गदर्शनाखाली मुरलेल्या २७ उद्योजकांपुढे एका काल्पनिक धंद्याच्या अडचणी ठेवल्या, आणि विचार करताना मोठ्याने बोलावयास सांगून ते बोलणे टिपून घेतले. २००१ मध्ये ही मांडणी शोधनिबंधाच्या रूपाने प्रसिद्ध झाली. ही माणसे आधी उद्दिष्ट ठरवून मग साधने शोधत नाहीत, असे त्यात दिसले. मी कोण, मला काय येते, माझी ओळख कोणाशी, येथून ती आरंभ करतात. आणि किती मिळेल यापेक्षा किती बुडाले तर सोसेल, हे पाहतात. १९५९ मध्ये गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटावयास सुरुवात केली, ती याच रीतीने. आपला कर्जाचा अर्ज मात्र पुढील वर्षांच्या विक्रीचे आकडे आधी मागतो. ते आकडे बहुधा अर्ज भरून देणाराच कल्पनेने घालतो, हे आपण सर्व जाणतो.

आता माझ्याच खात्यावरची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका खेड्यातील तरुणाने कर्ज काढून पत्र्याच्या पेट्या बनविण्याचा कारखाना काढला. मी त्याची यशोगाथा लिहिली. छायाचित्रासह छापून आली. पुढे एक संशोधक विद्यार्थिनी माझ्या सर्व यशोगाथांची कात्रणे मागावयास आली. ती म्हणाली, "साहेब, आपण उद्घाटनाला जाता. धंदा बंद पडतो त्या दिवशी कोणी जात नाही." बंद पडलेल्या उद्योगांची नोंद मागितली, तर ती आमच्या कार्यालयात नव्हती. यशस्वी झालेल्यांनाच मोजून यशाचे कारण शोधले, तर जे कारण सापडते ते बुडालेल्यांपाशीही असू शकते, एवढी साधी गोष्ट मला त्या मुलीने शिकविली.

तो पेट्यांचा कारखाना दोन वर्षांत बंद झाला होता. त्या तरुणाचा पत्ता तिला कोणत्याही दप्तरात मिळाला नाही. गावच्या शाळेतील गुरुजींनी सांगितला. तो तालुक्याच्या गावी पाण्याचे पंप दुरुस्त करीत होता. पत्रा कापण्याची तीच हत्यारे, हाताखाली दोन पोरे, नवे कर्ज नाही, जुने फेडणे चालू. बँकेच्या यादीत तो थकबाकीदार होता आणि माझ्या कात्रणात यशस्वी उद्योजक. याला कोणत्या रकान्यात घालू, असे तिने मला विचारले. मला सांगता आले नाही. पुढे प्रबंधाची प्रत तिने आणून दिली. त्यातील तक्त्यात 'चालू' आणि 'बंद' यांच्यामध्ये तिने तिसरा रकाना आखला होता: 'धंदा बदलला'. त्या रकान्यातील बहुतेक नावांपुढे माहिती देणारा म्हणून शिक्षक, ग्रामसेवक किंवा पंचायत सदस्य, अशी नोंद आहे.