घुमानचे नामदेव आणि आपले परप्रांतीय

(शिरूर-दौंड तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



पंजाबातील गुरदासपूर जिल्ह्याविषयी शिरूरमध्ये बोलण्याचे प्रयोजन काय, असे आपणांस वाटले असेल. पुण्याहून निघणारी झेलम एक्सप्रेस आपल्या दौंडवरून पठाणकोटला जाते. ते पठाणकोट २०११ पर्यंत याच जिल्ह्यात होते. आणि घुमान तर संत नामदेवांमुळे आपल्याला ठाऊकच आहे. २०१५ साली तेथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा ‘आमचे नामदेव पंजाबात गेले’ हा अभिमान पुष्कळ व्यक्त झाला. ज्यांनी त्यांना ठेवून घेतले, त्या माणसांची चौकशी मात्र फारशी ऐकू आली नाही.

रावीकाठचा हा मुलूख शेतकऱ्यांचा आणि कारागिरांचा. बटाला तर ओतशाळांसाठी प्रसिद्ध. १९४१ च्या खानेसुमारीत येथे मुसलमान निम्म्याहून किंचित अधिक होते. रॅडक्लिफ निवाडा जाहीर झाला १७ ऑगस्ट १९४७ रोजी. म्हणजे स्वातंत्र्याचा सोहळा उरकल्यावर येथील माणसांना आपला देश कोणता ते कळले! शकरगढ तहसील पाकिस्तानात गेली, उरलेल्या तीन भारतात आल्या. नानकांचे कर्तारपूर सीमेपलीकडे राहिले. डेरा बाबा नानकहून तेथे जाण्याचा मार्ग खुला होण्यास २०१९ उजाडावे लागले.

पंजाबातील परंपरेनुसार नामदेवांचे उत्तरायुष्य घुमानला गेले. गुरू अर्जुनदेवांनी १६०४ मध्ये सिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांची ६१ पदे आहेत, विणकर कबीर, चर्मकार रविदास आणि सेना न्हावी यांच्या पदांसोबत. भाषा मराठी नव्हे, उत्तरेतील संतांची मिश्र बोली. विठ्ठल तेवढा ‘बीठल’ होऊन राहिला. उपरा शिंपी तेथील बोली शिकला आणि तेथील लोकांनी त्याचे शब्द आपल्या धर्मग्रंथात घेतले.

आता रांजणगाव-कुरकुंभकडे पाहा. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेला कंत्राटी कामगार तेथे राबतो. आपली भाषणे मराठीत, पत्रके मराठीत, आणि ‘हे लोक संपात उतरत नाहीत’ ही तक्रार! मीही ती केलेली आहे. कंत्राटदाराला मात्र त्यांची बोली बरोबर येते.

पुढील वर्गात मी बोलणार नाही. खोलीचे भाडे आणि कापली जाणारी मजुरी यांविषयी त्यांच्यापैकीच कोणी बोलावे. आपण सतरंजीवर बसून ऐकू. ओडियासाठी दुभाषा हवा आहे. कोणाच्या ओळखीत असल्यास आजच सांगावे.