मुंबई ते मॉरिशस : तिकिटावरचा दीड तास

आता खेड्यापाड्यांतली मुलंही हॉटेलात, बांधकामावर नोकरीसाठी परदेशी जातात. पोरगं विमानात बसलं की घरी आईचं लक्ष फोनकडे. वेळेवर फोन आला नाही की तिच्या पोटात गोळा येतो. म्हणून आज आम्ही एकाच प्रवासाचा हिशोब मांडतो : मुंबई ते मॉरिशस.

मुंबई मूळची सात बेटांची, हे आपल्याला ठाऊक आहे. पोर्ट लुई ही मॉरिशस बेटाची राजधानी. मधे नुसता समुद्र. 1834 पासून इंग्रजांनी उसाच्या मळ्यांवर राबायला इथून करारावर मजूर नेले, त्यांत आपल्या कोकणातलीही माणसं होती. शिडाच्या जहाजाला कित्येक आठवडे लागत. माणूस पोचला की नाही, हे घरी कळायलाच महिने जात.

आता विमानाचं बघू. सरळ रेषेत अंतर साधारण 4,700 किलोमीटर. विमान तासाला सरासरी 800 किलोमीटर जातं असं धरा. भागाकार केला की सहा तासांच्या जरा आत उत्तर येतं. चढणं, उतरणं, धावपट्टीवरचा खोळंबा धरून सहा-सव्वासहा तास धरावेत.

पण तिकीट बघितलं की गोंधळ होतो. समजा, त्यावर लिहिलंय : निघणार सकाळी 6:30, पोचणार 11:15. वजाबाकी केली तर पावणेपाचच तास. मग आई सव्वाअकराला फोन लावते, तो लागत नाही आणि रडारड सुरू. अहो, तिकिटावर प्रत्येक ठिकाणची वेळ तिथल्या घड्याळाची असते! मॉरिशसचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. तिथे सव्वाअकरा म्हणजे आपल्याकडे पाऊण. पावणेपाचात दीड मिळवा, झाले सव्वासहा तास.

त्यातही विमान उतरलं म्हणजे पोरगं शहरात पोचलं असं नाही. विमानतळ बेटाच्या एका टोकाला, पोर्ट लुई दुसऱ्या अंगाला. सामान घेऊन, कागद तपासून रस्त्याने आणखी तासभर तरी जातोच. तेव्हा फोनची वाट दुपारी तीनपर्यंत शांतपणे बघावी.

तिकिटावर सहाऐवजी बारा-चौदा तास दिसले, तर मधे कुठे तरी विमान बदलायचं आहे. असं तिकीट कधी कधी स्वस्त पडतं, पण एजंटाला आधीच विचारा : कुठे बदलायचं, किती वेळ थांबायचं, सामान पुन्हा घ्यावं लागेल का?

आणि तारीख नीट वाचा, ही तर सगळ्यात मोठी गोष्ट. 10 तारखेला रात्री 12:40 चं विमान म्हणजे 9 तारखेची रात्र. परदेशी विमानाला तीन तास आधी हजर राहायचं, म्हणजे 9 तारखेला रात्री साडेनऊपर्यंत विमानतळावर. जो 10 ला जेवून निघेल त्याचं विमान आदल्या रात्रीच गेलेलं असेल, आणि तिकिटाचे पैसे बहुधा बुडाले. गटाचं कर्ज काढून घेतलेलं तिकीट असेल तर विचार करा.

परतीच्या वाटेवर उलटं होतं. तिथून रात्री 9 ला निघालं, सव्वासहा तास उडालं, तर तिकिटावर मुंबईची वेळ पहाटे 4:45 दिसेल. प्रवास लांबलेला नाही, दीड तास फक्त घड्याळात वाढला.

मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीनिमित्त सरकारी सुट्टी असते आणि तिथल्या मराठी घरांत गणपती बसतात. त्या दिवशी मुलाला आरती ऐकवायची असेल, तर आपल्याकडे साडेसात वाजता फोन लावा, तिथे संध्याकाळचे सहा झालेले असतील.