नामावलीत नसलेले कलावंत

चित्रपटगीताचे ध्वनिमुद्रण होते तेव्हा गायकाच्या मागे वादकांचा ताफा बसलेला असतो. त्यांत व्हायोलिनवाले असतात, सतारिये असतात, ढोलकवालेही असतात. दिवसाची बिदागी हाती पडली की वादक आपले वाद्य उचलून पुढच्या कामाची वाट धरतो. गाणे मात्र पुढे कित्येक वर्षे वाजत राहते. त्या वाजण्यावर वादकाचा काही हक्क आहे काय, हा आजच्या विवेचनाचा प्रश्न होय.

1957च्या स्वामित्वहक्क कायद्याचे उत्तर सरळ नकाराचे होते. छापलेली, लिहिलेली अथवा अन्य रीतीने चिन्हांकित झालेली रचना तेवढे त्या कायद्याच्या लेखी संगीत! ज्या देशात संगीतविद्या गुरुमुखातून शिष्याच्या कंठात उतरत आली, तेथे ही व्याख्या किती परकी होती हे सांगावयास नको. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, मोबदला घेऊन चित्रपटासाठी रचलेल्या संगीताचा प्रथम स्वामी, विरुद्ध करार नसेल तर, निर्माताच होय. त्याच निकालाला जोडलेल्या स्वतंत्र टिपणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गायकाला कायद्यात स्थानच नाही याकडे लक्ष वेधले आणि संसदेने विचार करावा असे सुचविले.

संसदेला त्यासाठी सतरा वर्षे लागली. 1994च्या दुरुस्तीने संगीताची व्याख्या बदलली आणि कला सादर करणाऱ्यालाही हक्क मिळाला. नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर जादूगार आणि गारुडीही त्या व्याख्येत आले. व्याख्यान देणाराही तेथेच आहे. वक्त्यांनी ही पंगत कमी प्रतीची मानू नये. तथापि चित्रपटात काम करण्यास एकदा संमती दिली की हा हक्क संपे. म्हणजे जेथे पैसा होता, तेथेच दार बंद.

2012 साली ते दार उघडले. गीतकार व संगीतकार यांना चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या स्वामित्वधनातील समान वाटा सोडून देता येणार नाही, असे ठरले. वारसांना वा स्वामित्वहक्क संस्थेला तो देता येतो, निर्मात्याला नाही. गरजू माणूस कोणत्याही कागदावर सही करतो, हे ओळखून केलेली ही तरतूद फार मोलाची आहे. सादरकर्त्यांनाही व्यापारी वापराबद्दल स्वामित्वधन मिळू लागले. परंतु त्याच दुरुस्तीत एक परंतुक आहे. चित्रपटातील ज्याचे काम प्रासंगिक वा आनुषंगिक आहे, आणि धंद्याच्या रूढीप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत येत नाही, तो सादरकर्ता नव्हे. आपल्या कामाच्या विकृतीला हरकत घेण्यापुरताच त्याला हक्क आहे. वादनाला आनुषंगिक म्हणता येईल काय, यावर वाद होऊ शकेल. पण नाव न देण्याची रूढी कोणी पाडली? ज्याला पैसे द्यावयाचे आहेत, त्यानेच. त्याच्या सवयीला कायद्याने हक्काची कसोटी करावे, हे न्यायाला धरून नाही.

याहून चांगली कसोटी कामगार कायद्यात तयार आहे. 1981च्या चित्रपट कामगार कायद्याने लेखी करार आवश्यक केला होता, पण तो कथाचित्रपटांपुरताच. 2020ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता 21 नोव्हेंबर 2025पासून अमलात आली असून तिच्या व्याख्येत दूरचित्रवाणी, जाहिराती व जालमालिका येतात. वादक व ध्वनिभरण करणारे कलावंतही येतात. करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी व्हावयास हवी. ही नोंद प्रामाणिकपणे झाली, तर कोणत्या दिवशी कोण वाजवावयास बसला होता याचा शासकीय पुरावा आपोआपच उभा राहतो. स्वामित्वहक्क कायद्याने पडद्यावरील नामावलीऐवजी हीच नोंद प्रमाण मानावी. त्यासाठी परंतुकातील थोडेच शब्द बदलावे लागतील. अडचण आहे ती नोंदणीची: एका दिवसाच्या कामासाठी करार लिहून मागणाऱ्या वादकाला दुसऱ्या दिवशी बोलावणे येत नाही. म्हणून करार नोंदविण्याचा भार निर्मात्यावर आणि तो तपासण्याचा भार शासनावर असला पाहिजे. वादकाला मागणी करावयास लावू नये.